आधी हातपाय, मग जीभ

जमिनीवर काडीने एक रेघ ओढायची. रेघेच्या अलीकडे मळा, पलीकडे तळं. ज्याच्यावर राज्य असेल तो ओरडतो, "तळ्यात!" सगळे पलीकडे उडी मारतात. "मळ्यात!" सगळे परत अलीकडे. मध्येच तो एकच शब्द दोनदा उच्चारतो. त्या वेळी जो उगाच उडी मारेल तो बाद. महाराष्ट्रात क्वचितच कुणी हा खेळ खेळल्याशिवाय मोठं झालं असेल.

नागपूरच्या प्रतापनगरसारख्या वस्तीत या खेळाला आणखी एक बाजू आहे. इथे रेघेजवळ उभ्या असलेल्या सगळ्याच पोरांच्या घरी मराठी बोलली जाते असं नाही. शेजारी खामल्यात सिंधी वसाहत आहे, जवळच असलेल्या व्हीएनआयटी या तंत्रशिक्षण संस्थेमुळे देशभरातून माणसं इथे शिकायला आणि शिकवायला येतात, आणि बाजारात, ऑटोत, चौकातल्या टपरीवर मराठी-हिंदीची सरमिसळ चालूच असते. १९५६पर्यंत हे शहर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. ती सवय अजून मोडलेली नाही. हिंदी किंवा सिंधी बोलणाऱ्या घरातलं मूल सुरुवातीच्या डावांत हमखास बाद होतं. मग ते बाकीच्यांच्या पायांकडे बघायला लागतं, कान टवकारतं, आणि थोड्याच वेळात बरोबर उडी मारतं. 'तळ्यात' म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

त्याने नकळत आणखी एक अवघड गोष्ट पदरात पाडून घेतलेली असते. तळं आणि मळा हे दोन शब्द 'त' जोडताना आपलं रूप बदलतात. याला मराठी व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, आणि मराठी नव्याने शिकणारे मोठे लोकसुद्धा 'डब्यामध्ये'ऐवजी 'डबामध्ये', 'फळ्याकडे'ऐवजी 'फळाकडे' असं म्हणत इथेच अडखळतात. खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते रूप नियम म्हणून येत नाही. ते उडीबरोबर येतं.

खेळात सहज घडणारी ही गोष्ट वर्गात मुद्दाम घडवून आणायची, ही भाषाशिक्षणातली एक रीतसर पद्धत आहे. जगभर ती 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स', थोडक्यात टीपीआर, या नावाने ओळखली जाते. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारे जेम्स अ‍ॅशर हे तिचे जनक. परभाषेच्या वर्गातून बहुसंख्य विद्यार्थी मध्येच का गळतात, हा प्रश्न त्यांना सतावत होता. तान्ही मुलं मात्र कोणत्याही वर्गाशिवाय भाषा शिकतात. कशी? त्यांनी लहान मुलांशी आईवडील काय बोलतात याकडे लक्ष दिलं. त्या बोलण्यात सूचनांचा भरणा होता. आपल्या घरांतही हेच दिसतं: टाटा कर, बाप्पाला जयजय कर, नाक कुठंय दाखव, चेंडू आण, तोंडात घालू नको. वर्षाच्या आसपासचं मूल एक शब्दही नीट बोलत नाही, पण नाकावर बोट ठेवतं, चेंडू आणून देतं. भाषा त्याला आधी कळलेली असते. बोलणं कितीतरी महिन्यांनी येतं.

अ‍ॅशर यांनी हाच क्रम मोठ्यांच्या बाबतीत वापरून पाहिला. शिरो कुनिहिरा यांच्यासोबत जपानीवर आणि स्वतंत्रपणे रशियनवर केलेल्या त्यांच्या प्रयोगांचे निबंध १९६५मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांचे गट पाडलेले होते. एका गटाने रशियन आज्ञा ऐकायची आणि नमुना दाखवणाऱ्या माणसाबरोबर ती लगेच करायची. दुसऱ्यांनी बसून नुसतं बघायचं किंवा भाषांतराच्या आधाराने शिकायचं. पुढे घेतलेल्या चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष हालचाल करणारे पुढे राहिले, आणि आज्ञा लांब व गुंतागुंतीच्या झाल्यावर फरक जास्त ठळक दिसला. १९७७मध्ये अ‍ॅशर यांचं 'लर्निंग अनदर लँग्वेज थ्रू अ‍ॅक्शन्स' हे पुस्तक आलं आणि ही पद्धत शाळाशाळांत पोचली.

वर्गात नेमकं काय घडतं?

समजा, प्रतापनगरातल्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीचा मराठीचा तास आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने फेब्रुवारी २०२०मध्ये केलेल्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या आणि सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने दहावीपर्यंत. त्यामुळे घरी मराठीचा गंध नसलेली मुलंही आता या तासाला बसतात. नेहमीचा तास मुळाक्षरं गिरवण्यापासून सुरू होतो. कृतीचा तास खुर्च्या सरकवण्यापासून सुरू होईल.

मॅडम दोन-तीन मुलांना पुढे बोलावतात, त्यांच्यासोबत स्वतःही खुर्चीवर बसतात. "उठा," म्हणतात आणि स्वतः उठतात. मुलं बघून उठतात. "बसा." "उठा. चाला. थांबा. वळा." काही फेऱ्यांनंतर मॅडम बोलतात, पण स्वतः जागेवरून हलत नाहीत. मुलांना आता फक्त कानांचा आधार असतो. मग क्रम मोडतो: बसा, उठा, थांबा, चाला. मग एकेकटं: "तू उठ. दाराकडे चाल. दाराला हात लाव." बाकीचा वर्ग बघत असतो आणि बघताबघता शिकतही असतो. हिंदीत अर्थ सांगायचा नाही, चूक झाली तर रागवायचं नाही, पुन्हा करून दाखवायचं. आणि मुलांना बोलायला लावायचं नाही.

पालकांना सगळ्यात जास्त खटकणारी अट हीच. मराठीचा तास, आणि मूल मराठीत एक अक्षर बोलत नाही? अ‍ॅशर यांच्या अनुभवाप्रमाणे साधारण दहा तास ऐकून झाल्यावर शिकणारा आपण होऊन बोलू लागतो. तोवर त्याची शांतता म्हणजे आळस समजायचा नाही. एका तासात बारा ते छत्तीस नवे शब्द कळू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. गट केवढा आहे आणि शिकणं कोणत्या टप्प्यावर आहे यावर ते अवलंबून.

खरी गंमत पुढच्या पायरीवर येते. मुलांना 'पिशवी', 'डबा', 'डोकं', 'ठेव', 'पळ', 'हळू' हे शब्द सुटेसुटे कळले, की मॅडम आजवर कधीच न ऐकलेलं वाक्य टाकतात: "पिशवी डब्यात ठेव, डबा डोक्यावर ठेव आणि हळू पळ." वर्गात हशा पिकतो, पण मूल ते करतं. पाठ केलेलं वाक्य नसतानाही ते कळलं, म्हणजे तुकडे जोडून अर्थ लावणं सुरू झालं. अशा अनपेक्षित, थोड्या विक्षिप्त वाक्यांवर अ‍ॅशर यांचा फार भर होता. शेवटच्या पायरीवर भूमिका बदलतात. मूल आज्ञा देतं आणि मॅडम निमूटपणे डबा डोक्यावर घेऊन चालतात.

आज्ञार्थापुढे काय, हा प्रश्न इथे साहजिक आहे. मराठीपुरतं उत्तर सोपं आहे: केलेल्या कृतीबद्दल बोलायचं. एका मुलीने डबा उघडला, खिडकी उघडली, दार उघडलं. क्रियापद तीनदा तीन रूपांत आलं, आणि प्रत्येक वेळी ती वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदी बोलणाऱ्या मुलाचा पाय 'उघडलं'पाशी हमखास घसरतो. ते रूप त्याने वीस दारं, पुस्तकं आणि पाकिटं उघडताना ऐकलं, तर तक्ता पाठ करण्याची वेळ बरीच पुढे ढकलता येते. चालू काळासाठी नागपूरकरांकडे एक तयार पूलही आहे. "तो काय करून राहिला?" "चालून राहिला." ही इथली बोली हिंदीच्या 'चल रहा है'ला इतकी जवळची आहे, की हिंदी घरातल्या मुलाला ती लगेच उमगते, 'चालतो आहे' त्यानंतर येऊ शकतं.

जुनी वाट

हालचालीतून भाषा शिकवण्याचा विचार अ‍ॅशर यांच्याही आधीचा. फ्रान्समधले लॅटिनचे शिक्षक फ्रांस्वा ग्वँ एकोणिसाव्या शतकात जर्मन शिकायला हॅम्बर्गला गेले, व्याकरण आणि शब्दकोश घोकून बसले आणि तरी त्यांना लोकांचं बोलणं कळेना. घरी परतल्यावर त्यांचा लहानसा भाचा पिठाची गिरणी बघून आला आणि तिथे जे जे घडलं ते ओळीने खेळून, बोलून दाखवू लागला. ग्वँ यांनी त्यावरून कृतींच्या मालिकांची पद्धत बसवली. १८८०मध्ये त्यांचं पुस्तक आलं. १९२५मध्ये हॅरॉल्ड पामर आणि डोरोथी पामर यांनी टोकियोत 'इंग्लिश थ्रू अ‍ॅक्शन्स' प्रसिद्ध केलं. मारिया माँटेसरी यांच्या बालघरात तर मुलं चिठ्ठीवर लिहिलेली आज्ञा मनातल्या मनात वाचून ती करून दाखवत. वाचता आलं की नाही हे कृतीवरून कळे.

माँटेसरींचा हा विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी रुजवला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यावर त्यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आसपासच्या पाड्यांवरची वारली मुलं घरी वारली बोलत, आणि शाळेतली पुस्तकी मराठी त्यांच्यासाठी जवळजवळ दुसरी भाषा होती. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी हा शब्द तिथून देशभर गेला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरल्या. साधनं म्हणून पानं, बिया, खडे, शिंपले होते आणि शिकवण्यात अभिनयगीतं होती. पाच बिया उचल, मोठा खडा खाली ठेव, ही गणिताची तयारी होती तशीच मराठीचीही.

विदर्भात याच काळाच्या थोडं आधी, ऑक्टोबर १९३७मध्ये, वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची आखणी झाली. सेवाग्रामचं आनंद निकेतन विद्यालय २००५पासून तीच वाट चालतं आहे. शेतात, स्वयंपाकघरात किंवा चरख्यापाशी काम करताना जी भाषा कानावर पडते, तिचा अर्थ समोरच्या कामातच सापडतो.

नागपूरकरांना दुसऱ्या भाषेतल्या आज्ञांची ओळख आणखी एका वाटेने आहे. शाळेच्या कवायतीत आणि एनसीसीत मराठी मुलांचे पाय 'दाहिने मुड'वर आपोआप वळतात. याच शहरात सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखांत १९३९-४०च्या सुमारास आज्ञा आणि प्रार्थना संस्कृतात आल्या. ज्यांनी कधी संस्कृत विषय घेतला नाही, अशा असंख्य मुलांना 'दक्ष', 'उपविश', 'उत्तिष्ठ' पायांनी पाठ आहेत. त्यातल्या किती जणांना संस्कृत येतं? कवायतीत आणि भाषेच्या तासात फरक पडतो तो इथे. कवायतीत आज्ञा मोजक्या असतात, क्रम ठरलेला असतो, आणि सगळ्यांनी एकसारखं वागणं हाच हेतू असतो. त्यात अर्थ लावण्याची वेळ येत नाही. संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण शिबिरात मात्र वस्तू, हातवारे आणि प्रश्न सतत बदलत राहतात. शिकवणारा भाषांतराकडे शक्यतो वळत नाही. १९८१मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या या चळवळीने कधी संस्कृत न शिकलेल्यांनाही रोज दोन तासांत साधी वाक्यं बोलायला शिकवली. ज्या जिल्ह्यात रामटेकला १९९७पासून कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, तिथे हा फरक सहज पाहता येतो.

मेंदू काय सांगतो?

अ‍ॅशर यांनी आपल्या पद्धतीचं श्रेय मेंदूच्या उजव्या भागाला दिलं होतं. ती मांडणी आज फारच ढोबळ वाटते. नंतरच्या संशोधनाने दुसरं काही दाखवलं. २००४मध्ये ओलाफ हाउक, इंग्रिड जॉन्सरूड आणि फ्रीडमान पुल्व्हरम्युलर यांनी चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थांची इंग्रजी क्रियापदं लोकांना नुसती वाचायला दिली. वाचतानाच मेंदूतल्या अनुक्रमे जीभ, बोटं आणि पाय हलवणाऱ्या भागांजवळ हालचाल दिसली. म्हणजे कृतीच्या शब्दाचा अर्थ काही अंशी ती कृती करणाऱ्या यंत्रणेतही साठवलेला असतो.

परभाषेच्या शब्दांवर मानुएला मॅसेडोनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलं आहे. २०११च्या त्यांच्या अभ्यासात अर्थाला जुळणाऱ्या हातवाऱ्यांसोबत शिकलेले शब्द निरर्थक हातवाऱ्यांसोबत शिकलेल्या शब्दांपेक्षा चांगले लक्षात राहिले. शिक्षकांसाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे. स्पेलिंग म्हणताना टाळ्या वाजवल्या किंवा पाढ्यांवर उड्या मारल्या, तर वर्गात जाग येईल. शब्दाचा अर्थ मात्र त्या उडीत नाही. 'उचल' म्हणताना उचलायलाच हवं. मोठ्यांच्या बाबतीत हातवाऱ्यांनी चित्रांना मागे टाकलं, असं २०१५मध्ये दिसलं. जर्मनीतल्या आठ वर्षांच्या मुलांना इंग्रजी शब्द शिकवून केलेल्या २०२०च्या अभ्यासात मात्र हातवारे आणि चित्रं दोन्ही सारखीच उपयोगी ठरली, आणि तो फायदा सहा महिन्यांनंतरही टिकून होता. चित्रांचं पुस्तक फेकून द्यायचं कारण नाही.

कुठे थांबते

या पद्धतीच्या मर्यादाही साध्या आहेत. 'बस' करून दाखवता येतं, 'विश्वास' कसा दाखवणार? अ‍ॅशर यांनी अमूर्त शब्द कार्डांवर लिहून ती कार्डं उचलायला, द्यायला लावण्याची युक्ती सुचवली होती. त्याने शब्द ओळखीचा होतो, अर्थ तितकासा नाही. शिवाय आयुष्यभर कुणी आज्ञार्थात बोलत नाही. कॅलिफोर्नियातले स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांना हीच अडचण आली, आणि त्यांनी कृतींना गोष्टींची जोड देऊन पुढची पद्धत उभी केली: आधी शब्दांचे हातवारे, मग तेच शब्द वापरून वर्गात साकारलेली गोष्ट. मोठ्या माणसांना सगळ्यांसमोर उठाबशा काढण्याची लाज वाटते. ज्या मुलाला चालणं किंवा हात हलवणं अवघड आहे, त्याच्यासाठी आज्ञा बदलाव्या लागतात. नजर वळवणं, बोट दाखवणं, चित्र निवडणं हीसुद्धा कृतीच.

बाकांनी खच्चून भरलेल्या वर्गात जागा कुठे, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बाकावर बसूनही पेन्सिल, खोडरबर, पुस्तक, डबा आणि दहा बोटं एवढं सामान असतंच. पेन्सिल पुस्तकाखाली ठेव, खोडरबर मागच्याला दे, डावा हात कानावर ठेव. मुलांच्या ओळखीचा 'शिवाजी म्हणतो' हा खेळही त्याच वर्गात चालतो, आणि त्यात तर ऐकल्यावर विचार करूनच हलावं लागतं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी मिळेल त्या सभागृहात भरतात. आठवड्याला एखाद-दोन तास मराठी कानावर पडणाऱ्या मुलांना त्यातला किती वेळ लिहिण्यात घालवायचा, हा प्रश्न तिथल्या शिक्षकांनाही चुकत नाही.

विदर्भात या प्रश्नाला जास्त धार आहे. मेळघाटातली कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. गडचिरोलीतली गोंडी द्राविडी. २०११च्या जनगणनेत देशभरात कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार आणि गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. या घरांतलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठीही नवी आणि इंग्रजीही नवी, कारण राज्यात २०००पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. बरेचदा शिक्षकाला कोरकू येत नाही, मुलाला मराठी येत नाही. भाषांतराच्या पद्धतीला इथे आधारच उरत नाही. कृतीच्या पद्धतीला तो लागत नाही. शिवाय तिची शेवटची पायरी इथे पहिली करता येते: मुलांनी गुरुजींना कोरकूत उठवायचं, बसवायचं, पाणी आणायला पाठवायचं. गुरुजी चुकणार, पोरं हसणार, आणि शिकण्याची जबाबदारी दोन्हीकडे वाटली जाणार.

प्रतापनगरातल्या वर्गाची अडचण त्या मानाने किरकोळ आहे. मराठी निदान खिडकीबाहेर रोज ऐकू येते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली, तर नुसतं ऐकण्याचे आणि करण्याचे ते पहिले दहा तास म्हणजे सतरा-अठरा तासिका. रोज एक म्हटली तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या पुऱ्या होतात, आणि तोवर पहिलीच्या मुलाची मराठीची वही दप्तरातून बाहेर आली नाही तरी अडत नाही.